नाणे पडल्याची वर्दी

रेल्वेच्या फलाटावर रंगीत दिवे मिचकावत उभे असलेले वजनाचे यंत्र तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना चांगले आठवत असेल. यंत्रावर उभे राहायचे, समोरची चकती फिरायची थांबली की फटीत नाणे सरकवायचे, मग आतून खडखड आवाज होऊन जाड कागदाचे तिकीट बाहेर पडायचे. तिकिटाच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य! भविष्याचे सोडून द्या. आपल्याला रस आहे तो तिकीट पडण्याआधीच्या क्षणात. नाणे पडले, ही गोष्ट त्या यंत्राला समजली कशी?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा एक यंत्रज्ञ होऊन गेला. देवळात येणाऱ्या भाविकांना पवित्र पाणी देणाऱ्या एका पेटीचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. वरच्या फटीतून टाकलेले नाणे एका तरफेच्या टोकावरील पसरट तबकावर पडे. नाण्याच्या भाराने ते टोक खाली जाई, दुसरे टोक वर उचलले जाई आणि त्याला जोडलेली झडप उघडून पाणी वाहू लागे. तबक कलंडले की नाणे घसरून खाली पडे, तरफ पूर्ववत होई आणि पाणी बंद. नाणे जितका वेळ तबकावर, तितका वेळ पाणी! ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

घरातले आर्केड

१९८० आणि १९९० च्या दशकांत आपल्याकडच्या शहरांतून व्हिडिओ गेम पार्लर निघाली होती. तिथे कपाटासारखी उंच यंत्रे असत. वर पडदा, खाली दांडा आणि दोन-चार बटणे. अशा यंत्रांना आर्केड यंत्रे म्हणतात. आता ती पार्लर बहुतेक गेली, पण यंत्रांची हौस गेली नाही. १९९७ साली इटलीतील निकोला साल्मोरिया याने ‘मेम’ नावाचा एक प्रोग्राम प्रसिद्ध केला. हा प्रोग्राम आपल्या साध्या संगणकाला त्या जुन्या यंत्रासारखे वागायला लावतो. तेव्हापासून जगभर हौशी मंडळी जुना संगणक किंवा ‘रास्पबेरी पाय’सारखा तळहाताएवढा संगणक लाकडी पेटीत बसवून घरच्या घरी आर्केड यंत्र तयार करू लागली. (मेम हा प्रोग्राम सर्वांना मोकळा आहे, त्यावर चालणाऱ्या खेळांचे मात्र मालक असतात. ज्यांना परवानगी आहे तेच खेळ वापरावेत.)

मूळ यंत्रात नाणे टाकल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. घरच्या संगणकाला नाण्याची फट नसते. म्हणून मेममध्ये कळफलकावरील ५ ही कळ म्हणजे नाणे आणि १ ही कळ म्हणजे ‘खेळ सुरू’ असे ठरवलेले आहे. ५ ची कळ दाबली की पडद्यावर एक नाणे जमा! अर्थात हे फुकटचे नाणे झाले. ज्याने एवढे कपाट खपून तयार केले त्याला खऱ्या नाण्याचा खणखणाट हवा असतो. शिवाय शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असे यंत्र ठेवून शाळेच्या वाचनालयासाठी पैसे गोळा करायचे ठरवले, तर फुकटची नाणी उपयोगाची नाहीत.

म्हणजे आपले काम थोडक्यात असे आहे. नाणे पडताक्षणी कोणीतरी ५ ची कळ दाबली पाहिजे, पुरेसा वेळ धरून ठेवली पाहिजे आणि मग सोडली पाहिजे. खोट्या नाण्याला ती दाबता कामा नये आणि खरे नाणे पडल्यावर विसरता कामा नये. यात चूक झाली, तर एखाद्या मुलाचा रुपया यंत्र गिळून स्वस्थ बसते, आणि मुलगा यंत्राला लाथ मारतो. त्याचे फारसे चुकते असे मला वाटत नाही.

नाण्याची ही बाजू खेळाइतकीच महत्त्वाची आहे, हे या धंद्याच्या पहिल्याच वर्षांत दिसून आले. १९७२ साली कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे एका बारमध्ये ‘पाँग’ हा खेळ चाचणीसाठी ठेवला होता. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. तो खेळ तयार करणारा अभियंता अ‍ॅल अल्कॉर्न दुरुस्तीला गेला. कपाट उघडून पाहतो तो, खेळाच्या मंडलात काहीही बिघाड नव्हता. नाणी साठवण्याचे भांडे भरून वाहत होते आणि नव्या नाण्याला आत जायला जागाच उरली नव्हती!

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो याने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला, तेव्हा तर देशात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला अशी कथा पसरली. ती आजही छापली जाते. गोष्ट ऐकायला छान आहे, पण टांकसाळीचे आकडे तिला आधार देत नाहीत.

पारखी कसा ओळखतो?

नाणे ओळखणाऱ्या भागाला आपण नाणेपारखी म्हणू. दुकानात मात्र ‘कॉइन अ‍ॅक्सेप्टर’ म्हणूनच मागा.

पहिल्या पिढीचे नाणेपारखी संपूर्ण यांत्रिक होते. त्यांना विजेची गरज नव्हती. फार मोठे नाणे फटीतच अडे, फार लहान नाणे आतल्या पाळण्यातून निसटून जाई, हलके नाणे पाळण्याला झुकवू शकत नसे. उरलेले नाणे उतरणीवरून घरंगळत एका चुंबकाजवळून जाई. इथे खरी गंमत होती. लोखंडी चकती असेल तर ती चुंबकाला चिकटून बसे. तांब्याची चकती चिकटत नसे, पण तिचा वेग मंदावे. योग्य धातूचे नाणे नेमक्या वेगाने पुढे येऊन, नेमके तेवढेच अंतर उडून, स्वीकाराच्या वाटेवर पडे.

तांबे चुंबकाला चिकटत नाही, तर मंदावते का? कारण चुंबकासमोरून धातू सरकला की त्या धातूत पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे गोल फिरणारे विद्युत्प्रवाह निर्माण होतात. त्यांना भोवरा-प्रवाह म्हणतात. ते आपल्याला निर्माण करणाऱ्या गतीलाच विरोध करतात. याचा प्रयोग तुम्हाला घरी करता येईल. अ‍ॅल्युमिनियमची जाड, सपाट पट्टी तिरपी धरा आणि तिच्यावरून एक छोटा पण जोरदार निओडिमियम चुंबक सोडा. नंतर त्याच आकाराचे नाणे सोडा. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे आधी तपासून घ्या. तरीही चुंबक मधात पडल्यासारखा संथपणे खाली येईल.

आजचा इलेक्ट्रॉनिक नाणेपारखी याच भोवरा-प्रवाहांवर चालतो, फक्त त्यात चुंबकाच्या जागी तारेची वेटोळी असतात. त्याचा सर्वांत सोपा प्रकार तराजूसारखा आहे. तीन वेटोळी एका ओळीत बसवलेली असतात. मधल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या वेटोळ्यांत थोडा थोडा विद्युत्दाब निर्माण होतो. पहिल्या आणि दुसऱ्या वेटोळ्यामधल्या फटीत तुम्ही स्वतःच्या हाताने एक नमुन्याचे नाणे अडकवून ठेवता. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेटोळ्यामधून ग्राहकाचे नाणे घरंगळत जाते. दोन्ही नाणी एकाच धातूची, एकाच जाडीची आणि आकाराची असतील, तर दोन्हीकडे भोवरा-प्रवाह सारखेच उठतात आणि दोन्ही बाजूंचे विद्युत्दाब एकमेकांना नाहीसे करतात. पारडी समतोल झाली की एक विद्युत्चुंबक झटकन एक छोटी झडप ओढून धरतो आणि नाणे पेटीत जाते. समतोल झाला नाही तर झडप हलत नाही, आणि नाणे परतीच्या वाटेने ग्राहकाच्या हाती येते.

या रचनेतला एक शहाणपणा पाहा. झडप उघडायला वीज लागते. नाणे परत करायला काहीच लागत नाही. वीज गेली तर प्रत्येक नाणे मालकाकडे परत.

आपल्या नाण्यांची अडचण

आता खिशातली नाणी बाहेर काढा आणि चुंबक फिरवा. अलीकडचे एक आणि दोन रुपयांचे नाणे चुंबकाला चिकटेल. ते एका विशिष्ट प्रकारच्या गंजरोधक पोलादाचे असते. २०११ च्या मालिकेतले पिवळसर पाच रुपयांचे नाणे चिकटणार नाही, कारण ते निकेल-पितळेचे आहे. म्हणून २०१९ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे आणि २०११ चे पाच रुपयांचे नाणे, दोघांचाही व्यास २३ मिलिमीटर असला तरी नाणेपारखीची फसगत होत नाही. व्यास सारखा, पण धातू वेगळा.

मग फसगत होते कुठे? १९९० च्या दशकातले एक रुपयाचे नाणे पाहा: पोलाद, व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. आता २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे पाहा: पोलाद, व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम! तुम्ही आणि मी त्यावरचा आकडा वाचतो. वेटोळ्याला आकडा वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने एक रुपया आणि दोन रुपये ही जुळी भावंडे आहेत. भर म्हणून २०१९ साली एक रुपयाचे नाणे २० मिलिमीटरचे झाले. म्हणजे एकाच किमतीची निरनिराळ्या आकारांची नाणी बाजारात एकाच वेळी फिरत आहेत.

अनेक नाणी ओळखणारे, छोटा संगणक पोटात असलेले नाणेपारखीही मिळतात. त्यांना प्रत्येक प्रकारची पंधरा-वीस नाणी एकामागून एक खायला घालून ‘शिकवावे’ लागते, आणि प्रत्येक प्रकाराला किती स्पंद द्यायचे ते ठरवून द्यावे लागते. तरी जुळ्या भावंडांचा प्रश्न त्यांनाही सुटत नाही. म्हणून शाळेच्या प्रदर्शनासाठी माझा सल्ला असा, की सरळ टोकन वापरा. तराजू पद्धतीचा एक-नाणी पारखी घ्या, त्यात एक टोकन नमुना म्हणून बसवा, आणि शेजारच्या टेबलावर पैसे घेऊन टोकने द्या. जुन्या पार्लरवाल्यांनी पितळी टोकने वापरली, त्यात त्यांचे बरेच हिशोब असतील. पण हा तांत्रिक फायदाही त्यांना आपोआप मिळाला.

बारा व्होल्ट आणि साडेतीनाहून कमी

नाणे पटले, आता वर्दी द्यायची. नाणेपारखीच्या मागे सामान्यतः चार तारा असतात. लाल तारेला १२ व्होल्ट, काळी तार ग्राउंड, एक तार वर्दीची आणि एक तार मोजकासाठी. रंगांवर विसंबू नका, सोबतचा कागद वाचा.

बहुतेक नाणेपारखींची वर्दीची तार स्वतः कोणताही विद्युत्दाब देत नाही. आत एक ट्रान्झिस्टर असतो. नाणे पेटीत उतरले की तो क्षणभर त्या तारेला ग्राउंडशी जोडतो आणि सोडून देतो. क्षणभर मिटलेला स्विच, एवढेच! या क्षणभराच्या जोडणीला आपण स्पंद, म्हणजेच पल्स म्हणू. जुन्या आर्केड यंत्रातही हेच होते. तिथे पडणारे नाणे एका बारीक तारेला धक्का देई आणि त्या तारेने छोटासा स्विच मिटे.

मग वर्दीची तार सरळ संगणकाला जोडून टाकू का? थांबा. काही नाणेपारखींमध्ये ही तार आतल्या आत एका रोधकामार्फत १२ व्होल्टला बांधलेली असते. रास्पबेरी पायच्या टाचण्या, म्हणजे पिना, ३.३ व्होल्टवर काम करतात आणि त्याहून जास्त दाब त्यांना सोसत नाही. १२ व्होल्ट लागले तर धूर निघणार नाही, आवाज होणार नाही. फक्त तो संगणक पुन्हा कधी बोलणार नाही. म्हणून आधी मल्टिमीटरने वर्दीची तार आणि ग्राउंड यांमधला दाब मोजा. आणि मोजून काहीही आले, तरी दोघांना एकमेकांना शिवू देऊ नका.

हे साधते कसे? ‘ऑप्टोकप्लर’ नावाचा चार पायांचा एक स्वस्त भाग मिळतो. त्याच्या काळ्या अंगात एका बाजूला अदृश्य अवरक्त प्रकाश देणारा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश पडला की मिटणारा ट्रान्झिस्टर असतो. दोघांमध्ये तार नाही, फक्त प्रकाश. शेजारच्या इमारतीतल्या मित्राला बॅटरी मिचकावून खूण करावी, तसा हा प्रकार आहे. १२ व्होल्ट अलीकडच्या इमारतीतच राहतात.

दिव्याच्या बाजूला रोधक किती घालायचा? हिशोब सोपा आहे. दिव्यावर सुमारे १.२ व्होल्ट पडतात. उरले १०.८ व्होल्ट. दिव्यातून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह हवा. १०.८ ला ०.०१ ने भागले की १,०८० ओहम. बाजारात १,००० ओहमचा रोधक सहज मिळतो. तो घातल्यास प्रवाह १०.८ मिलिअँपिअर होईल आणि रोधकात सुमारे ०.१२ वॉट उष्णता होईल. पाव वॉटचा रोधक पुरेसा आहे. जोडणी अशी: १२ व्होल्टपासून रोधक, रोधकापासून दिव्याचे धन टोक, दिव्याचे ऋण टोक वर्दीच्या तारेला. स्पंद आला की दिवा लागतो. पलीकडच्या ट्रान्झिस्टरचे एक टोक संगणकाच्या पिनेला आणि दुसरे संगणकाच्याच ग्राउंडला जोडा.

संगणकाला अशी पिनच नसेल तर? जुना, टाकून दिलेला कळफलक उघडा. शंभरेक कळांसाठी त्यात शंभर तारा नसतात. काही उभ्या आणि काही आडव्या तारांची जाळी असते. प्रत्येक कळ म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या तारेचा छेदबिंदू. ५ च्या कळेच्या दोन रेषा बोटाने मागे नेत छोट्या मंडलपट्टीपर्यंत पोचा आणि तिथे ऑप्टोकप्लरची दोन टोके जोडा. ट्रान्झिस्टरमधून प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून ५ उमटला नाही तर दोन्ही टोकांची अदलाबदल करा.

विजेसाठी १२ व्होल्ट, १ अँपिअरचा बंदिस्त अ‍ॅडॉप्टर वापरा. संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा उघडून त्यातून १२ व्होल्ट काढण्याचा मोह टाळा; त्यात घरातली २३० व्होल्ट वीज खेळत असते. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

पहारेकरी कधी डोकावतो?

एवढे सगळे नीट जोडले, तरी अनेकांना एक चमत्कारिक अनुभव येतो. दहा नाणी टाकली तर पडद्यावर आठ जमा होतात. तारा घट्ट आहेत, नाणेपारखी ठीक आहे, ऑप्टोकप्लर ठीक आहे. मग दोन नाणी गेली कुठे?

आता हेरॉनची पेटी आठवा. आपले नाणेही काही वेळच तबकावर असते. प्रश्न एवढाच, की त्या वेळात संगणकाचे लक्ष तिकडे होते का?

संगणक वर्दीच्या तारेकडे टक लावून बसलेला नसतो. खेळाचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रेखाटले जाते, आणि बहुतेक खेळ प्रत्येक चित्रागणिक एकदा नाण्याच्या स्विचकडे पाहतात. म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी खिडकीतून एकदा डोकावणारा पहारेकरीच म्हणा ना. शिवाय हा पहारेकरी संशयी असतो. एकदाच दिसलेल्या पाहुण्यावर तो विश्वास ठेवत नाही. स्विच मिटताना त्याचे पत्रे क्षणभर थरथरतात, तारेत भलतेच झटके येतात. म्हणून अनेक खेळांची मांडणी अशी असते, की लागोपाठ दोन किंवा तीन वेळा डोकावताना स्विच मिटलेला दिसला तरच नाणे धरायचे.

समजा नाणेपारखीचा स्पंद ३० मिलिसेकंदांचा आहे आणि खेळाला लागोपाठ दोन दर्शने हवी आहेत. ३० ला १६.७ ने भागले तर सुमारे १.८ येतात. याचा अर्थ असा, की साधारणपणे दर दहा नाण्यांपैकी आठ नाण्यांच्या वेळी पहारेकऱ्याला पाहुणा दोनदा दिसेल, आणि दोन नाण्यांच्या वेळी एकदाच. ती दोन गडप! कोणती दोन, हे नाणे नेमके कोणत्या क्षणी पडले यावर, म्हणजे निव्वळ नशिबावर अवलंबून. तीन दर्शने हवी असतील तर एकही नाणे लागणार नाही. हाच स्पंद १०० मिलिसेकंदांचा केला, तर पहारेकऱ्याला तो निदान पाच वेळा दिसतो आणि नशिबाचा प्रश्नच उरत नाही.

बऱ्याच नाणेपारखींच्या अंगावर यासाठी तीन जागांचा एक छोटा स्विच असतो: जलद, मध्यम, मंद. मंद म्हणजे सुमारे १०० मिलिसेकंदांचा स्पंद. घरच्या संगणकाला जोडताना तो मंदवर ठेवा. त्याच्याच शेजारी दुसरा स्विच असतो, स्विच एरवी उघडा की एरवी मिटलेला हे ठरवणारा. तो ‘एरवी उघडा’ या बाजूला हवा. उलट ठेवलात तर संगणकाला वाटेल, की ५ ची कळ कोणीतरी सकाळपासून दाबून धरली आहे. काही जुने खेळ याला ‘नाणे अडकले’ असे समजून संपच पुकारतात.

असा स्विच नसेल तर ५५५ या अंकाने ओळखली जाणारी चिप कामाला येते. ती पाँगच्याच वर्षी, १९७२ साली, बाजारात आली आणि आजही मिळते. छोट्या स्पंदाने तिला डिवचले की ती स्वतः ठरावीक लांबीचा स्पंद देते. ती लांबी म्हणजे १.१ गुणिले रोध गुणिले धारकता. १ लाख ओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले तर ०.११ सेकंद, म्हणजे ११० मिलिसेकंद. आपल्याला हवे तेवढे!

मोजणारा वेगळा, सांगणारा वेगळा

पण स्पंद लांबवण्यालाही मर्यादा आहे. अनेक नाणी ओळखणारा पारखी पाच रुपयांच्या नाण्यासाठी लागोपाठ पाच स्पंद देतो. ते ६० मिलिसेकंदांच्या अंतराने येत असतील आणि आपण प्रत्येकाला ११० मिलिसेकंदांपर्यंत ताणले, तर पहिला संपण्याआधीच दुसरा येऊन त्याच्यात मिसळेल. पाचाचे तीन होतील. लांबवले नाही तर संगणकाला दिसत नाही, लांबवले तर एकमेकांत मिसळतात.

यातून सुटण्याचा मार्ग बँकेतल्या जुन्या पद्धतीसारखा आहे. एकाने पैसे मोजून घ्यायचे, दुसऱ्याने सावकाश वहीत मांडायचे. मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवतात. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे सुरू झालेल्या ‘आर्डुइनो’ या मालिकेतल्या काही पट्ट्या संगणकाला जोडल्या की स्वतःला कळफलक म्हणून सादर करू शकतात. तिला दोन कामे सांगा. पहिले: वर्दीची तार मिटली की मनातल्या आकड्यात एक मिळवायचा. हे काम ती हजारांश सेकंदाच्या आत करते, तिच्या नजरेतून स्पंद सुटत नाही. दुसरे: आकडा शून्याहून मोठा असेल तर ५ ची कळ १०० मिलिसेकंद दाबायची, १०० मिलिसेकंद सोडायची आणि आकड्यातून एक वजा करायचा. पाच रुपयांचे नाणे असे बरोबर एका सेकंदात मांडले जाते. तेवढ्यात दुसरे नाणे पडले तरी बिघडत नाही. ते रांगेत थांबते.

ऑप्टोकप्लर मात्र इथेही काढू नका.

गॅसचा लायटर आणि दोऱ्याचे नाणे

खरे नाणे हरवणे ही एक बाजू झाली. न टाकलेले नाणे लागणे ही दुसरी. १९८० च्या दशकात अनेक देशांतल्या पार्लरमध्ये मुलांनी एक क्लृप्ती शोधली होती. तुमच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवायला खटक्याचा लायटर असतो. त्यात दाब पडताच विद्युत्भार निर्माण करणारा स्फटिकासारखा तुकडा असतो आणि त्याची ठिणगी हजारो व्होल्टची असते. नाण्याच्या दाराजवळ अशी ठिणगी पाडली, की आतल्या तारांत झटका उठे आणि यंत्र तो झटका नाणे म्हणून मोजे. फुकटचा खेळ!

ही युक्ती मोडण्यासाठी आपल्याला वेळेचाच उपयोग होतो. ठिणगीचा झटका मिलिसेकंदाहूनही छोटा असतो. मायक्रोकंट्रोलरला सांगून ठेवा, की तार निदान २० मिलिसेकंद सलग मिटलेली राहिली तरच मोजायचे, आणि अर्ध्या सेकंदाहून अधिक मिटलेली राहिली तर मुळीच मोजायचे नाही. वर्दीची आणि ग्राउंडची तार एकमेकींभोवती पीळ देऊन न्या आणि शक्य तेवढी आखूड ठेवा. लांब, मोकळी तार ही आकाशवाणीची एरियलच असते.

दुसरी क्लृप्ती अधिक जुनी. नाण्याला दोरा बांधायचा, आत सोडायचे, यंत्राने मोजले की वर ओढून घ्यायचे. यावर नाणेपारखी बनवणाऱ्यांनी वाटेत दोन प्रकाशकिरण ठेवले. आधी वरचा तुटला आणि मग खालचा, तर नाणे आत गेले. खालून वर असा उलटा क्रम दिसला, तर कोणीतरी दोरा ओढत आहे.

चाचणी

यंत्र लोकांसमोर ठेवण्यापूर्वी पन्नास टोकने घेऊन बसा. पहिली वीस सावकाश, एकेक टाका. पुढची वीस जितक्या घाईने टाकता येतील तितक्या घाईने टाका, कारण मुले तशीच टाकणार आहेत. उरलेली दहा खेळ चालू असताना, पडद्यावर भरपूर धावपळ असताना टाका. संगणक कामात गुंतला की पहारेकऱ्याचे डोकावणेही कधी कधी चुकते. मधूनमधून खोटी चकती, बटण, जुने पैसे टाकून ते परत येतात ना ते पाहा. मग शेजारी उभे राहून दहा वेळा लायटर दाबा. प्रत्येक फेरीनंतर तीन आकडे शेजारी शेजारी लिहा: पेटीतली टोकने, चौथ्या तारेला जोडलेल्या मोजकावरचा आकडा आणि पडद्यावरची जमा.

पेटी आणि मोजक जुळतात पण पडदा कमी दाखवतो, तर दोष संगणकाकडच्या बाजूला आहे. स्पंदाची लांबी तपासा. पडदा जास्त दाखवतो, तर तारेत झटके शिरत आहेत. आणि मोजकच पेटीपेक्षा कमी दाखवत असेल, तर नाणेपारखीचे झाकण उघडून प्रकाशकिरणाच्या खिडक्यांवर बसलेली धूळ मऊ कापडाने आधी पुसा.